अंमली पदार्थांचे वैधीकरण व हिंसक गुन्हे

अफू, गांजा, कोकेन, हेरॉइन यांसारख्या अंमली पदार्थांचे उत्पादन, व्यापार व सेवन यांवरील बंदी उठवून त्यांचा व्यवहार शासकीय नियंत्रणाखाली खुला करणे, यास अंमली पदार्थांचे वैधीकरण म्हणतात. अशा वैधीकरणाने खून, जबरी चोरी, दरोडा, टोळीयुद्ध यांसारखे हिंसक गुन्हे कमी होतील की नाही, हा गुन्हाशास्त्र, अर्थशास्त्र व सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शास्त्रांच्या अभ्यासकांपुढील वादग्रस्त प्रश्न आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७२ मध्ये बंदीविरोधी भूमिका जाहीरपणे मांडली. तर राज्यशास्त्रज्ञ जेम्स क्यू. विल्सन यांनी १९९० मध्ये वैधीकरणामुळे व्यसनींची संख्या वाढून समाजाची अधिक हानी होईल, असे प्रतिपादन केले. त्यानंतरच्या काळात अनेक देशांनी या बाबतीत निरनिराळे प्रयोग केले असल्यामुळे हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. उपलब्ध अनुभवावरून असे दिसते, की बंदीमुळे निर्माण होणारी हिंसा व अंमलामुळे होणारी हिंसा या दोन भिन्न गोष्टी असून वैधीकरणाचा परिणाम प्रामुख्याने पहिलीवर होतो. तोही वैध व्यापार चोरट्या व्यापाराची जागा प्रत्यक्षात घेईल तेवढ्याच प्रमाणात.

संज्ञांतील भेद : या विषयावरील चर्चेत तीन भिन्न धोरणांची अनेकदा गल्लत होते. पहिले पूर्ण वैधीकरण. यात उत्पादकापासून किरकोळ विक्रेत्यापर्यंतची सर्व साखळी परवानापद्धतीने कायद्याच्या कक्षेत येते. दुसरे निर्गुन्हेगारीकरण, यात स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा मानला जात नाही, परंतु उत्पादन व विक्री दंडनीयच राहतात. तिसरे वैद्यकीय पुरवठा. यात व्यसनाधीन व्यक्तीस डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ किंवा त्याचा पर्याय दिला जातो. हिंसेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. निर्गुन्हेगारीकरणाने सेवन करणाऱ्याची तुरुंगवासातून सुटका होते; परंतु त्याला माल पुरविणारा बाजार पूर्वीप्रमाणेच टोळ्यांच्या हाती राहतो.

हिंसेचे तीन प्रकार : अंमली पदार्थ व हिंसा यांच्या संबंधाचे सर्वाधिक प्रचलित वर्गीकरण पॉल गोल्डस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ मध्ये मांडले. त्यानुसार (१) पदार्थाच्या सेवनाने विवेक सुटून घडणारी हिंसा, (२) व्यसन भागविण्यासाठी लागणारा पैसा मिळविण्याकरिता केलेली हिंसा आणि (३) चोरट्या व्यापाराच्या व्यवहारातूनच उद्भवणारी हिंसा, असे तीन प्रकार पडतात. गोल्डस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहरातील मनुष्यवधाच्या ४१४ घटना तपासल्या. त्यांपैकी २१८ घटनांचा संबंध प्रामुख्याने अंमली पदार्थांशी किंवा मद्याशी असल्याचे आढळले आणि या २१८ पैकी सु. तीनचतुर्थांश तिसऱ्या प्रकारातील होत्या. अंमलाखाली घडलेल्या घटना तुलनेने थोड्या होत्या व त्यांतील बहुतेकांत कारणीभूत ठरलेला पदार्थ मद्य हा होता. म्हणजे जो पदार्थ कायद्याने खुला होता, तोच.

वैधीकरणाच्या परिणामांचा अंदाज या वर्गीकरणाच्या आधारे बांधता येतो. तिसऱ्या प्रकारची हिंसा बाजार कायदेशीर झाल्यास घटावी. दुसऱ्या प्रकारची हिंसा किंमत उतरल्यास कमी व्हावी. पहिल्या प्रकारची मात्र सेवन वाढल्यास वाढण्याचा संभव असतो. या परस्परविरोधी परिणामांची गोळाबेरीज पदार्थागणिक बदलते. गांजाच्या सेवनाने प्रायः आक्रमकता वाढत नाही. उलट मद्य आणि मेथँफेटामीनसारखी उत्तेजक द्रव्ये यांचा हिंसेशी असलेला संबंध अधिक निकटचा आहे.

चोरट्या बाजारातील हिंसेची कारणे : कायदेशीर व्यापारात पैसे बुडविणाऱ्यावर दावा लावता येतो, मालाची चोरी झाल्यास पोलिसांत फिर्याद देता येते व स्पर्धकावर मात करण्यासाठी भाव किंवा प्रत यांचा आधार घेता येतो. चोरट्या व्यापाऱ्यास यांपैकी कोणताच मार्ग उपलब्ध नसतो. त्याचा सर्व व्यवहार रोखीचा असून साठा व रोकड दोन्ही लुटारूंना आकर्षित करतात आणि लुटला गेला, तरी त्याला फिर्याद देता येत नाही. साहजिकच करार पाळला जावा, उधारी वसूल व्हावी, खबऱ्यास जरब बसावी आणि विक्रीचा टापू आपल्या ताब्यात राहावा, यांसाठी बळाचा वापर होतो. बंदीमुळे चढलेल्या किंमतीत अटकेच्या व मृत्यूच्या धोक्याचा मोबदला समाविष्ट असतो; त्यामुळे हा धोका पत्करण्यास तयार असलेल्या तरुणांचा पुरवठा सहसा आटत नाही.

तथापि प्रत्येक चोरटा बाजार हिंसक असतोच असे नाही. जपानमध्ये अंमली पदार्थांवर कडक बंदी असूनही खुनांचे प्रमाण जगातील अत्यल्प प्रमाणांपैकी एक आहे. मित्रांच्या ओळखीतून बंद दाराआड चालणारी विक्री आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर अनोळखी ग्राहकांना होणारी उघड विक्री यांत मोठा फरक असतो. शस्त्रांची उपलब्धता, पोलीस व न्याययंत्रणेची विश्वासार्हता, टोळ्यांमधील सत्तासंतुलन आणि तरुणांमधील बेकारी हे घटक हिंसेचे प्रमाण ठरवितात. बंदी ही हिंसेला अनुकूल भूमी होय. पण एवढ्याने हिंसा अपरिहार्य ठरत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात बहुतेक देशांत अंमली पदार्थ खुले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात अफू ही शासनाची मक्तेदारी होती आणि गांजा, चरस व भांग यांवर अबकारी कर घेतला जाई. गांजामुळे वेड व गुन्हेगारी वाढते, असा आरोप ब्रिटिश संसदेत झाल्यावरून १८९३ मध्ये ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ नेमण्यात आले. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने सु. १,२०० साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि हिंसक गुन्ह्यांची जी उदाहरणे सांगितली गेली, त्यांच्या नोंदी तपासून पाहिल्या. हिंसक गुन्हे व गांजा यांचा व्यवहारतः फारसा संबंध नाही, असा निष्कर्ष काढून १८९४ च्या अहवालात आयोगाने बंदीऐवजी कर, परवाने व नियंत्रित विक्री यांची शिफारस केली. अंमली पदार्थ व हिंसा यांच्या संबंधाची इतक्या विस्तृत प्रमाणावर झालेली ही एक आरंभीची चौकशी होय.

विसाव्या शतकात प्रवाह उलटा फिरला. १९१२ चा हेग येथील आंतरराष्ट्रीय अफू करार, अमेरिकेतील १९१४ चा हॅरिसन अधिनियम व १९३७ चा मारिह्वाना कर अधिनियम हे बंदीचे टप्पे होत. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१, १९७१ व १९८८ च्या करारांनी अंमली पदार्थांचा वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीज होणारा वापर जगभर निषिद्ध ठरविला. १९६१ च्या कराराच्या सर्वाधिक कडक अनुसूचीतून गांजास २०२० मध्ये वगळण्यात आले. त्या वेळी भारताने वगळण्याच्या बाजूने मतदान केले.

अमेरिकेतील मद्यबंदी : वैधीकरणाच्या चर्चेत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मद्यबंदीचा दाखला हटकून दिला जातो. अठराव्या घटनादुरुस्तीने जानेवारी १९२० पासून मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक यांवर देशभर बंदी आली. एकविसाव्या दुरुस्तीने ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. या काळात मद्याचा चोरटा व्यापार टोळ्यांच्या हाती गेला. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एका टोळीशी संबंधित सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. या शहरातील चोरट्या मद्यव्यापाराचा सूत्रधार अल कपोन यास १९३१ मध्ये शिक्षा झाली, ती मात्र प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. नोंदींनुसार मनुष्यवधाचे प्रमाण १९२० मध्ये दर लाख लोकसंख्येमागे सु. ७ होते, ते १९३३ मध्ये सु. ९.७ वर गेले व १९४० च्या दशकाच्या प्रारंभी ६ च्या आसपास उतरले.

या आकड्यांवरून बंदीमुळेच खून वाढले व ती उठल्यामुळे घटले, असा निष्कर्ष काढला जातो. जेफ्री मायरन या अर्थशास्त्रज्ञाने दीर्घ कालखंडाच्या अभ्यासातून या मतास दुजोरा दिला. तथापि मृत्युनोंदणीचे क्षेत्र १९३३ पर्यंत क्रमाक्रमाने विस्तारत होते व नव्याने समाविष्ट झालेल्या काही राज्यांत खुनांचे प्रमाण मुळातच अधिक होते; त्यामुळे वाढीचा काही भाग केवळ नोंदणीचा परिणाम आहे. वयोरचना व नागरीकरण यांतील बदलांचाही वाटा असल्याचे नंतरच्या संशोधनात दाखविण्यात आले. शिवाय बंदीच्या प्रारंभीच्या वर्षांत मद्याचा खप पुष्कळ घटला आणि यकृताच्या विकाराने होणारे मृत्यूही कमी झाले. बाजारातील हिंसा वाढली असताना सेवनाची हानी घटली, हा पेच मद्यबंदीच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

मुंबई व महाराष्ट्रातील अनुभव : मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत होऊन १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. मुंबई शहरात खाडीकाठी व झोपडपट्ट्यांतून हातभट्ट्या पेटल्या. गुत्ते, हप्ते व चोरटी वाहतूक यांचे जाळे विणले गेले. वरदराजन मुदलियार याच्यासारख्या टोळीप्रमुखाचा उदय याच धंद्यातून झाला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर परवान्यांच्या अटी टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आल्या आणि १९७० च्या दशकात परवानाबद्ध विक्री रूढ झाल्यावर हातभट्टीचे महत्त्व उतरले. टोळ्या मात्र विसर्जित झाल्या नाहीत. त्यांचे भांडवल, माणसे व दहशत सोन्याच्या तस्करीकडे वळली. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण अधिनियम रद्द झाला व त्यापाठोपाठ सोन्याच्या आयातीवरील निर्बंध शिथिल झाले. तेव्हा तस्करीतील नफाही आटला. त्या दशकात बांधकाम व चित्रपट व्यवसायांतील व्यक्तींकडून खंडणी उकळणे हा टोळ्यांचा प्रमुख धंदा बनला व मुंबईत खंडणीसाठी झालेल्या हत्यांची मालिकाच घडली. निषिद्ध वस्तू खुली झाल्याने त्या वस्तूभोवतीची हिंसा संपते. पण ती हिंसा करणारी संघटना आपोआप संपत नाही, हा मुंबईच्या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे उदाहरण अधिक अलीकडील आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून व गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने ती उठविली. अवैध दारू व तिच्या वाहतुकीतील वाढती गुन्हेगारी ही त्यामागील कारणे सांगण्यात आली. बंदीची मागणी करणाऱ्या स्त्रियांचा अनुभव घरातील मारहाणीचा होता. बंदी उठविणाऱ्या शासनापुढे नोंदलेल्या गुन्ह्यांचे आकडे होते. दोन्ही बाजू हिंसेविषयीच बोलत होत्या, परंतु त्यांच्या दृष्टीपुढील हिंसा एक नव्हती. घरातील हिंसा पोलिसांच्या नोंदीत क्वचितच येते. भारतातील निरनिराळ्या राज्यांच्या दारूबंदीचा तुलनात्मक अभ्यास करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात बंदीच्या काळात पुरुषांचे मद्यपान व स्त्रियांवरील हिंसा या दोहोंत घट आढळली. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या बंदीच्या संदर्भातही असेच निष्कर्ष पुढे आले. पण त्याच राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून अधिक बळी घेतले.

कडक अंमलबजावणीचे परिणाम : बंदी अधिक कठोरपणे राबविल्यास हिंसा घटते, हे गृहीतक अनुभवाच्या कसोटीवर फारसे टिकलेले नाही. अंमलबजावणी व बाजारातील हिंसा यांच्या संबंधावरील १५ अभ्यासांच्या २०११ मधील एका समीक्षेत १४ अभ्यासांचा निष्कर्ष प्रतिकूल, म्हणजे कारवाईमुळे हिंसा वाढते असा आढळला. एखादा टोळीप्रमुख पकडला किंवा मारला गेला, की त्याच्या जागेसाठी व टापूसाठी नवा संघर्ष सुरू होतो, हे याचे मुख्य कारण.

मेक्सिको हे याचे ठळक उदाहरण होय. राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर २००६ मध्ये टोळ्यांविरुद्ध सैन्य उतरविले. देशातील खुनांची संख्या २००७ मध्ये ८,८६७ होती. ती २०११ मध्ये २७,२१३ झाली व २०१८ मध्ये ३६,००० च्या वर गेली. ज्या नगरांत काल्देरोन यांच्या पक्षाचा उमेदवार अगदी थोड्या मतांनी निवडून आला, त्यांची तुलना तो थोड्या मतांनी पराभूत झालेल्या नगरांशी केली असता पहिल्या गटात खुनांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक वाढल्याचे व तस्करीचे मार्ग केवळ अन्य नगरांकडे वळल्याचे मेलिसा डेल यांच्या संशोधनात दिसून आले.

असे असले, तरी कायद्यात बदल न होताही हिंसा घटू शकते. कोकेनपासून बनविलेल्या ‘क्रॅक’ या धूम्रपानाच्या पदार्थाचा अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यास प्रसार झाला, तेव्हा रस्त्यावरील विक्रीच्या टापूंसाठी तरुणांत शस्त्रसंघर्ष उसळले. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले. १९९८ मध्ये हा आकडा सु. ६३० वर आला. या आठ वर्षांत कोकेन कायदेशीर झाले नव्हते. बाजाराचे रूप बदलले, मागणी ओसरली व पोलिसी कार्यपद्धती पालटली. बॉस्टन शहरात १९९६ पासून गोळीबार करणाऱ्या टोळ्यांवरच सारी कारवाई केंद्रित करण्यात आली. विक्रीपेक्षा हिंसा महाग पडेल, असा स्पष्ट इशारा त्यांना देण्यात आला व त्यानंतर तरुणांच्या हत्यांत मोठी घट झाली.

गांजाच्या वैधीकरणाचे अनुभव : कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय वापरासाठी, तर कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी गांजा खुला केला. मेक्सिकोच्या सीमेवरील अमेरिकन राज्यांत वैद्यकीय गांजाच्या कायद्यांनंतर हिंसक गुन्हे सु. १३ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. सीमेपासून दूरच्या राज्यांत असा परिणाम दिसला नाही. सीमेपलीकडील टोळ्यांचा एक मोठा व्यापार देशी उत्पादनामुळे तुटला, हे त्याचे स्पष्टीकरण होय. याउलट कोलोरॅडो व वॉशिंग्टनमधील गुन्ह्यांच्या दीर्घकालीन आकड्यांच्या अभ्यासात २०१२ नंतर हिंसक गुन्ह्यांत वाढही आढळली नाही व घटही नाही. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचे मर्म एकच आहे : ज्या ठिकाणी बाजार टोळ्यांच्या हाती होता तेथे वैधीकरणाने फरक पडला; जेथे तो मुळातच फारसा हिंसक नव्हता तेथे घटण्यासारखे थोडेच होते.

यूरग्वायने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा करून गांजाचे उत्पादन व विक्री देशव्यापी स्तरावर नियमित केली; जुलै २०१७ पासून नोंदणीकृत ग्राहकांना औषधालयांतून तो मिळू लागला. तथापि २०१८ मध्ये त्या छोट्या देशात चारशेहून अधिक खून होऊन पूर्वीच्या वर्षाच्या तुलनेने मोठी वाढ नोंदली गेली. तेथील टोळ्यांचा संघर्ष प्रामुख्याने कोकेन व त्यापासूनच्या स्वस्त पदार्थांभोवती होता आणि गांजाच्या कायद्याने त्याला स्पर्श केला नव्हता. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून वैधीकरण केले व पुढील काही वर्षांत बहुसंख्य ग्राहक परवानाधारक दुकानांकडे वळले. कॅलिफोर्नियात मात्र करांचा बोजा व अनेक नगरांनी दुकानांना नाकारलेली परवानगी यांमुळे चोरटा व्यापार मोठ्या प्रमाणावर टिकून राहिला. कर व निर्बंध फार वाढविले, तर चोरट्या व्यापाऱ्याचा फायदा होतो. फार कमी केले, तर सेवन वाढते. या दोहोंतील मध्यबिंदू शोधणे, ही वैधीकरणाच्या अंमलबजावणीतील मुख्य अडचण आहे.

नेदर्लंड्समध्ये १९७६ पासून अल्प प्रमाणातील गांजाच्या विक्रीकडे कानाडोळा करण्यात येई व तो ठराविक दुकानांत उघडपणे मिळे. पण दुकानदारास होणारा घाऊक पुरवठा अवैधच राहिला. माल पुढच्या दाराने कायद्याच्या छायेत विकला जाई व मागच्या दाराने टोळ्यांकडून येई. ही विसंगती दूर करण्यासाठी २०२३ च्या अखेरीपासून काही नगरांत परवानाधारक उत्पादकांकडून पुरवठ्याचा प्रयोग सुरू करण्यात आला.

निर्गुन्हेगारीकरण व वैद्यकीय पुरवठा : पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून सर्व अंमली पदार्थांच्या बाबतीत सुमारे दहा दिवसांच्या सेवनाइतका साठा बाळगणे फौजदारी कक्षेतून काढले व अशा व्यक्तींना उपचारांकडे वळविणारी मंडळे स्थापन केली. एड्सच्या विषाणूचा संसर्ग व अतिसेवनाने होणारे मृत्यू यांत मोठी घट झाली; हिंसेची भाकिते खरी ठरली नाहीत. तथापि विक्री अवैधच राहिल्याने या धोरणाचे यश मुख्यतः आरोग्याच्या क्षेत्रातील आहे. ऑरेगन या अमेरिकन राज्याने फेब्रुवारी २०२१ पासून असाच कायदा केला. पण उपचारांची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही आणि त्याच सुमारास फेंटानिल या अतितीव्र द्रव्याचा तेथे प्रसार झाला. उघड्यावरील सेवनाविरुद्ध लोकमत तीव्र होऊन सप्टेंबर २०२४ पासून अल्प साठा बाळगणे पुन्हा गुन्हा ठरविण्यात आले.

स्वित्झर्लंडचा मार्ग निराळा होता. झुरिकच्या उद्यानांतील उघड्या हेरॉइन-बाजारामुळे अस्वस्थ झालेल्या त्या देशाने १९९४ पासून जुन्या व्यसनाधीनांना दवाखान्यात देखरेखीखाली हेरॉइन देण्यास प्रारंभ केला. उपचार घेणाऱ्यांमध्ये चोरी, घरफोडी व किरकोळ विक्री यांचे प्रमाण झपाट्याने घटल्याचे मूल्यमापनात आढळले. चोरट्या बाजाराचा बराचसा खप थोड्या जुन्या व्यसनाधीनांवर अवलंबून असतो व त्यांतील अनेक जण स्वतःच विक्रेतेही असतात. ते बाजारातून बाहेर पडताच बाजार खिळखिळा होतो. २००८ मधील जनमतपृच्छेत ६८ टक्के मतदारांनी या धोरणास कौल दिला. पदार्थ खुला न करताही गुन्हे घटविता येतात, याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

वैधीकरणावरील आक्षेप : मद्य हा वैध पदार्थ असूनही हिंसेशी त्याचा संबंध सर्वांत व्यापक आहे. अमेरिकन न्याय खात्याच्या १९९८ मधील अहवालानुसार शिक्षा भोगत असलेल्या वा देखरेखीखालील गुन्हेगारांपैकी सु. ३६ टक्के गुन्ह्याच्या वेळी मद्य प्यालेले होते. उत्तेजक द्रव्ये मद्यासारखीच सुलभ झाल्यास या हिंसेत भर पडेल, हा आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अफूजन्य वेदनाशामकांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झालेली मुक्त विक्री व्यसनाच्या साथीस कारणीभूत ठरली, हेही वैध पुरवठ्याच्या धोक्याचे निदर्शक आहे. विस्थापित टोळ्या खंडणी व अपहरण यांकडे वळतील, हा दुसरा आक्षेप मुंबईच्या अनुभवाशी जुळणारा आहे. त्यास दिले जाणारे उत्तर असे, की अन्य धंद्यांत अंमली पदार्थांइतका नफा सहसा नसतो. त्यामुळे संक्रमणकाळात हिंसा वाढली, तरी टोळ्यांची आर्थिक ताकद कालांतराने क्षीण होते.

भारतातील स्थिती : भारतात गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. मूळ कायद्यात अनेक गुन्ह्यांस किमान दहा वर्षांची शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने ती पदार्थाच्या प्रमाणाशी निगडित करण्यात आली. पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी १९८९ मध्ये घातलेली मृत्युदंडाची सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरविली व २०१४ च्या दुरुस्तीने ती शिक्षा न्यायालयाच्या विवेकावर सोपविली. गांजाच्या व्याख्येतून पाने व बिया वगळल्यामुळे भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहून राज्यांच्या नियंत्रणात आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत औषधनिर्मितीसाठी अफूची परवानाबद्ध लागवड होते. परंतु शासकीय खरेदीची किंमत चोरट्या बाजारापेक्षा फार कमी असल्याने काही माल बाहेर झिरपतो. २०१९ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील सु. १४.६ टक्के लोक मद्याचे, २.८ टक्के भांग-गांजा-चरसचे व २.१ टक्के अफूजन्य पदार्थांचे सेवन करीत होते. गर्द व मेफेड्रोन यांचा चोरटा व्यापार असला, तरी लॅटिन अमेरिकेतील टोळ्यांसारखी हिंसा येथे त्या प्रमाणात दिसत नाही. भारतात अंमलाशी निगडित हिंसेचा मोठा भाग मद्याशी व घराशी संबंधित आहे. त्यामुळे अमेरिकेत वा मेक्सिकोत वैधीकरणाकडून केली जाणारी अपेक्षा येथे तशीच लागू पडत नाही.

समालोचन : अंमली पदार्थांच्या वैधीकरणाने हिंसक गुन्हे घटतील काय, या प्रश्नास एकच उत्तर नाही. पदार्थ स्वतः आक्रमकता न वाढविणारा असेल, त्याचा बाजार टोळ्यांच्या हाती असेल व वैध विक्री किंमत, प्रत आणि सुलभता यांत चोरट्या विक्रीस मागे टाकणारी असेल, तर घट संभवते. यांपैकी एखादी अट अपुरी पडल्यास लाभ आक्रसतो किंवा नाहीसा होतो. निर्गुन्हेगारीकरणाने माणसे तुरुंगाबाहेर राहतात; पण टापूंसाठी होणारे संघर्ष थांबत नाहीत. वैधीकरणाखेरीजही केंद्रित पोलिसी कारवाई व व्यसनाधीनांचे उपचार यांनी हिंसा कमी करता येते. धोरण ठरविताना रस्त्यावर घडणाऱ्या व नोंदल्या जाणाऱ्या हिंसेबरोबरच घरात घडणारी व बहुधा न नोंदली जाणारी हिंसाही विचारात घेणे आवश्यक ठरते. एकीचे प्रमाण कमी करणारा उपाय दुसरीचे प्रमाण वाढवू शकतो आणि ती वाढ गुन्ह्यांच्या वार्षिक आकडेवारीत दिसेलच, असे नाही.